डावा घास

गेल्या वर्षी माझ्या वडिलांनी अडीच महिने चारचौघांत एक घासही तोंडात घातला नाही. भूक होती, गिळायला त्रास नव्हता. पण लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता आणि डाव्या हातानं जेवायला ते तयार नव्हते. अडचण एवढीच होती. पण ती सुटायला घरातली सगळी माणसं लागली, आणि त्यात मला, म्हणजे मेंदूचा धडा दरवर्षी शिकवणाऱ्या बाईला, खरं कारण सगळ्यांत उशिरा कळलं.

मी दौंडच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. माहेर शिरूर तालुक्यातलं, निमोण्याचं. आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मेंढरं सोडून शेती धरली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आणि मी डावखुरी आहे. फळ्यावर डाव्या हातानं लिहिते, त्यामुळे मज्जासंस्थेचा धडा आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो.

"मॅडम, तुम्ही उजव्या मेंदूच्या ना? म्हणून तुमच्या आकृत्या भारी येतात."

कॉलेजात जाताना माझाही हाच समज होता. कुठल्याशा पुरवणीत वाचलं होतं की डावखुरी माणसं उजव्या मेंदूनं विचार करतात, म्हणून ती कलावंत आणि जास्त हुशार असतात. मी ते कात्रण वहीत जपून ठेवलं होतं. प्राणिशास्त्राच्या सरांना एकदा मोठ्या अभिमानानं दाखवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "बाळ, मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो आणि उजवा भाग डावी, हे खरं. पण अर्ध्या मेंदूनं जगणारा माणूस मी पाहिलेला नाही. दोन्ही भाग दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. आणि बोलण्याची जागा म्हणशील तर ती बहुतेकांची डाव्या भागात असते. डावखुऱ्यांतल्याही बऱ्याच जणांची तिथंच असते. तुझीही असेल."

"मग सर, माणूस डावखुरा होतो कशानं?"

"थोडं आईबापांकडून येतं, थोडं योगायोगानं. पोटातल्या बाळाचासुद्धा एका हाताकडे कल दिसतो. पण पूर्ण उत्तर म्हणशील तर अजून माहीत नाही."

शिकवणारा माणूस वर्गात उभा राहून "माहीत नाही" म्हणू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आज मी मुलांसमोर न लाजता तसं म्हणते, ते त्या सरांमुळे.

पण त्या वर्गापर्यंत मी पोहोचले, ती आप्पांमुळे.

पहिलीत असताना गुरुजी माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायचे. मारायचे नाहीत. दिवसातून दहा वेळा पेन्सिल बदलायचे आणि मी दहा वेळा ती परत डाव्या हातात घ्यायची. शेवटी त्यांनी माझ्या डाव्या हाताला रुमाल बांधला. शाळा सुटल्यावर तो सोडायचं मी विसरले आणि तशीच घरी गेले. दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेत आले. चपला दारात काढून, तो रुमाल हातात घेऊन वर्गात उभे राहिले.

"गुरुजी, ह्यो रुमाल तुमचा का?"

"हो. वळण लावतोय आप्पा पोरीला. पुढं लोक हसतील."

"तुमची बी शेती हाय, गुरुजी. डाव्या खांद्याचा बैल तुम्ही उजवीकडं जुपता का?"

"नाही जुपत."

"का?"

"औत नीट ओढत नाही तो."

"मंग त्यो बैल वाईट म्हणायचा का?"

गुरुजींना हसू आलं. "बैलाला शुद्धलेखन नसतं, आप्पा."

"त्याला न्हाई, पोरीला हाय ना? मंग तिच्या औताचं तास सरळ जाऊ द्या की."

गुरुजींनी रुमाल घेतला, खिशात घातला आणि अट घातली. लिहायचं डाव्या हातानं लिहू दे, पण शाळेतली खिचडी उजव्या हातानं खायची आणि प्रसाद उजव्या हातावर घ्यायचा. आप्पा म्हणाले, "त्ये तर कराय पायजेच. त्यात काय इचारायचं?" असा करार झाला. पेन्सिल, खुरपं, कात्री, कंगवा, पुढं खडू, सगळं माझ्या डाव्या हातात आलं. घास तेवढा उजव्या हातात राहिला. पंचवीस वर्षं मी तो करार पाळला, आणि पाळतेय हे माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी मार्च संपताना कांदा चाळीत भरायचं काम चाललं होतं. सकाळी नवाच्या सुमाराला आप्पांच्या हातातलं घमेलं पडलं. आईला वाटलं, निसटलं असेल. त्यांनी ते उचललं, ते पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते घमेल्याकडे नुसते बघत उभे राहिले. माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, रांजणगावच्या एका कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. शेजारच्या मामांनी कांद्याची भरलेली पिकअप तिथंच रिकामी केली, आप्पांना आत निजवलं आणि शिरूर गाठलं. तिथून पुण्याला. वेळेत आणलं, म्हणून निम्मं वाचलं, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या मामांचे ते कांदे दोन दिवस उन्हात पडून होते. त्याबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

गुठळी मेंदूच्या डाव्या भागात होती. त्यामुळे उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. मी वर्गात जी आकृती काढते, तीच समोर खाटेवर पडलेली होती. आप्पांना सगळं कळत होतं, डोळ्यांत ते दिसायचं. पण शब्द येत नव्हता. आईला हाक मारायला तोंड उघडायचे आणि "त्ये... त्ये..." एवढंच यायचं. चौथ्या दिवशी नर्सला शीर सापडेना. तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा खणखणीत आवाज आला, "आयला!"

आई धावत बाहेर आली. "बोललं! शिवी दिली त्यांनी!" हे सांगताना ती रडत होती आणि हसतही होती. डॉक्टरांनी समजावलं की जुळवून बोलायचे शब्द जातात, पण तोंडात बसलेल्या शिव्या आणि रोजची ठरलेली बोलणी बऱ्याचदा शाबूत राहतात. आई त्यांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, डॉक्टर. त्यावर काढू आम्ही दिवस."

घरी आणल्यावर न्हावऱ्याहून आत्या आली. आप्पांची थोरली बहीण. एसटीतून उतरली ती कापडी पिशवीत दोन कबुतरं घेऊन. लकवा झालेल्या अंगाला कबुतराचं ऊन रक्त चोळतात, असं आमच्याकडे जुन्या माणसांचं म्हणणं आहे.

दादा म्हणाला, "आत्या, डॉक्टरनी गोळ्या दिल्यात."

"मंग खाऊ दे की गोळ्या. माझी कबुतरं कुठं गोळ्यांना आडवी येत्यात?"

दादानं वाद घातला नाही. कबुतरं खुराड्यात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी ती "उडून गेली". आत्या काय समजायचं ते समजली, पण परत गेली नाही. भावाच्या उशाशी मुक्काम टाकून राहिली. ही तीच आत्या, जी माझ्या लहानपणी मी डाव्या हातानं काही द्यायला गेले की उलथन्याचा दांडा हातावर मारायची. जोरात नाही, पण चुकवायचीही नाही.

जेवणाची अडचण पहिल्याच आठवड्यात कळली. डाव्या हातात चमचा दिला की आप्पा तो खाली ठेवायचे. भाकरी डाव्या बाजूला ठेवली की मान फिरवायचे. मग आई दार लावून घ्यायची आणि दुधात कुस्करलेली भाकरी त्यांना भरवायची. तेही अर्धी भाकरी झाली की हात आडवा. कोणी भेटायला आलं आणि ताटाची वेळ असली, तर डोळे मिटून झोपेचं सोंग. भिंतीएवढा माणूस, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. आठवड्यातून दोनदा आम्ही त्यांना शिरूरला व्यायामाला न्यायचो. तिथली थेरपिस्ट पोरगी माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. ती वजनाच्या काट्याकडे बघून त्यांना रागवायची, "काका, पोटातच काही नसेल तर हातपाय हलवायचे कशाच्या जिवावर?"

त्यातच दादाच्या धाकट्याचं जावळ काढायचं ठरलेलं होतं, जूनमधल्या एका रविवारी. बोकड, भाकरी, गावजेवण. आप्पांच्या लाडक्या नातवाचं जावळ. पुढं ढकलू म्हणून दादानं विचारलं, तर आप्पांनी जोरजोरात मान हलवली, "न्हाई." जावळ व्हायला हवं होतं. पण पंगतीला बसाल ना, असं विचारलं की पुन्हा "न्हाई". आई मला हळूच म्हणाली, "ह्यो माणूस त्या दिवशी आतल्या खोलीत दार लावून बसला, तर पुन्हा कवा बाहेर यायचा न्हाई, बघ."

मलाही तीच भीती होती. मे महिन्याची सुट्टी लागली तशी मी निमोण्याला येऊन राहिले. दौंडचं घर आणि मुलांचे डबे नवऱ्यानं सांभाळले, हेही इथं सांगायला हवं.

मी मास्तरीण असल्यासारखीच कामाला लागले. दौंडहून मऊ चेंडू आणला, कपड्यांचे चिमटे आणले, जाड दांड्याचा चमचा आणला. वहीच्या मागच्या पानावर मेंदू काढला. आप्पांच्या खाटेशी बसून बोट ठेवून समजावलं, "हे बघा आप्पा. गुठळी इथं होती, डाव्या भागात. म्हणून उजवा हात गेला, बोलणं गेलं. हा उजवा भाग चांगला आहे. म्हणजे तुमच्या डाव्या हाताला काही झालेलं नाही. पूर्ण धडधाकट आहे. आता उजवा परत येईल तेव्हा येईल, तोवर यानं काम करायचं. यात लाज कसली?"

आप्पा नीट ऐकत होते. मला वाटलं, पटलं. दोन ताटं वाढून आणली. एक त्यांच्यासमोर ठेवलं, एक माझ्यासमोर. धीर यावा म्हणून मीच आधी सुरुवात केली. पहिला घास तोंडापाशी नेला तोच आप्पांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. माझा हात त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर आणला. उजवा हात, पिठल्यानं भरलेला. मग तो सोडला आणि माझ्या मांडीवर निवांत पडलेल्या डाव्या हातावर दोनदा टिचकी मारली.

"त्ये," ते म्हणाले.

मी कानकोंडी झाले. जन्मानं डावखुरी मी, डाव्या हातात काही लाज नाही असं शिकवत होते, आणि स्वतः उजव्या हातानं जेवत होते. बोलता येत नसलेल्या माणसानं एका टिचकीत माझा अख्खा तास खोडून काढला होता.

मी उजवा हात धुऊन आले आणि डावा ताटात घातला. "चला, तुम्ही खाल तर मीही अशीच खाईन. रोज. पंगतीतसुद्धा."

आणि मला जमेना! माझा डावा हात सुईत दोरा ओवतो, फळ्यावर हृदयाची आकृती एका दमात काढतो. पण एका हातानं भाकरी मोडायची रीतच त्याला माहीत नव्हती. अंगठ्यानं दाबावं तर भाकरी सरकत होती, पिठलं मनगटावरून कोपराकडे निघालं होतं. त्या खाटेशी बसून मला माझ्याच विषयातली एक गोष्ट नव्यानं कळली. कुठला हात चांगला हे जन्मानं थोडंसंच ठरतं. एकेक काम एकेका हातात वर्षानुवर्षं मुरत जातं. माझ्या मेंदूचा डावा भाग पंचवीस वर्षं जेवण शिकला होता. उजव्या भागाला आता पहिलीपासून सुरुवात करायची होती, माझ्याही आणि आप्पांच्याही.

आप्पा हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. आई आतून म्हणाली, "काय चाललंय बापलेकीचं? लहान पोरं बरी तुमच्यापरीस."

मग त्यांनी स्वतःचा डावा हात ताटात घातला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा हातात घेतला आणि थांबले. तळहाताकडे बघत राहिले. तो घास ताटात टाकून हात लेंग्याला खसाखसा पुसला आणि मागच्या अंगाला, परसात, संडासाकडे बोट करून म्हणाले, "त्ये... त्ये... न्हाई!"

मी दादाला हाक मारली, "दादा, आप्पांना जायचंय." दादानं त्यांना उचलून नेलं. आप्पा नको नको म्हणून अंग ताणत होते आणि आम्ही त्यांना धीर देत होतो. आतून खणखणीत "आयला!" ऐकू आलं. परत आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि तीन दिवस त्यांनी डावा हात ताटाला लावला नाही. मला वाटलं, हट्ट आहे. मी आणखी एक आकृती काढायला घेतली होती.

चौथ्या दिवशी आत्या ओसरीत मेथी निवडत बसली होती. मी चिमटे आणि चेंडू गोळा करत होते. ती मान वर न करता म्हणाली, "एवढी शिकलीस, पर तुला कळंना का गं? त्याला कुठं जायचं नव्हतं त्या दिशी."

"मग बोट कशाला दाखवत होते?"

"पहिल्या दिसापासनं त्यो सोताचं सोता धुतोय. ना बायकूला करू देतो, ना पोराला. कुठल्या हातानं?"

मेथीची काडी बाजूला टाकून उत्तरही तिनंच दिलं.

"डाव्या. दुसरा हाय का त्याला? आन् त्याच हातानं खायचं व्हय? तुझ्या त्या मेंदूच्या चित्रात ही कुठं बसतंय, त्ये दाव मला."

कुठंच बसत नव्हतं. निम्मी अडचण मेंदूत होती, ती मी ओळखली होती. उरलेली निम्मी परसात होती, आणि तिथपर्यंत माझं विज्ञान गेलंच नव्हतं. दोन हातांनी कामं वाटून घेतलेल्या घरात एकच हात उरला, तर माणसाला काय वाटत असेल, हे शाळा न पाहिलेल्या माझ्या आत्यानं ओळखलं होतं. आप्पांनी तर ते बोटानं दाखवून सांगितलं होतं. मी त्यांना संडासात पाठवलं!

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच? आमच्या कंपनीत भिंतीला पाण्याचा फवारा असतो, तसला बसवू." रविवारी शिरूरहून सामान आणून त्यानं संडासात डाव्या हाताला तो जेट बसवला. बटण दाबलं की काम होतं, हात लावायला नको. आप्पांनी पहिल्यांदा वापरला तेव्हा पाणी कुठं गेलं कुणास ठाऊक. आतून दोनदा शिवी आली आणि ते चिंब भिजून बाहेर आले. आई टॉवेल घेऊन धावली, वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. आप्पांनी मात्र दादाकडे बघून मान हलवली, "हाय." म्हणजे ठीक आहे.

त्यावर आत्यानं तिचं काम केलं. आप्पांना देव्हाऱ्यापुढं बसवलं. त्यांचा डावा हात साबणानं तीनदा धुतला. उजव्या हातातली चांदीची अंगठी काढली, डाव्या बोटात घातली. देवाच्या टाकांना लावलेला भंडारा चिमटीनं घेऊन त्यांच्या डाव्या तळव्याला फासला.

"ही बघ. देवाम्होरं सांगितलंय मी. आजपासनं ह्यो तुझा उजवा. कुणी काय म्हणलं तर माझं नाव सांग."

दादा दारातून म्हणाला, "मग आत्या, आप्पांचा डावा कुठला?"

"डावा त्यो, भितीवरचा. पाणी मारतोय त्यो!"

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, पण नंतर बराच वेळ त्या पिवळ्या तळव्याकडे बघत राहिले. रूढी सोडा, असं मी त्यांना महिनाभर सांगत होते. आत्यानं रूढी सोडली नाही. तिनं तिच्यातच भावाला जागा करून दिली. मला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी माझ्या तोंडून ते आप्पांनी ऐकलं नसतं.

त्या दिवशी त्यांनी ओसरीवर, उघड्या दारात, एक भाकरी खाल्ली. मी समोर बसून डाव्या हातानं खाल्ली. पुढचे तीन आठवडे आमची ती शाळाच झाली. आधी मऊ भात, मग चपाती, मग शिळी भाकरी, मग ताजी. भाकरी दोन बोटांनी दाबून धरायची आणि अंगठ्यानं मोडायची, ही युक्ती आप्पांच्या हाताला माझ्याआधी सापडली. मला ती त्यांनी दाखवली. पेल्याला खरकटं लागतं म्हणून आईनं मनगटाशी ओला फडका ठेवायला सुरुवात केली. अधूनमधून एखादा शब्दही यायला लागला, पण पुष्कळदा चुकीचा यायचा. पाणी हवं असलं की "पायरी" म्हणायचे, चहाला "चावी". थेरपिस्ट पोरीनं बजावलं होतं, हसायचं असेल तर त्यांच्याबरोबर हसा, त्यांना हसू नका. जूनच्या सुरुवातीला काट्यावर वजन थोडं वाढलेलं दिसलं तेव्हा त्या पोरीनं टाळ्याच वाजवल्या. "काका, काय केलंत?" आप्पांनी अंगठीचा हात वर करून दाखवला. तिला काही कळलं नाही. पण तीही आमच्याइतकीच खूश झाली.

जावळाच्या दिवशी दारात मांडव होता. पोरगं त्याच्या मामाच्या मांडीवर बसून भोकाड पसरत होतं. केस उतरले, बोकडाचा रस्सा उकळला, पुरुषांची पहिली पंगत बसली. आप्पा आतल्या खोलीत खाटेवर होते. सकाळपासून त्यांनी कोणाकडे पाहिलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती, मी दादाकडे. दादा आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. मी पुढच्या पंगतीचे तांदूळ निवडत होते, पण मला खडासुद्धा दिसेना, इतकं लक्ष त्या दाराकडे होतं.

मग काठीचा आवाज आला. आप्पा दादाच्या खांद्यावर भार देत आले. नवा सदरा घातलेला, डाव्या बोटात अंगठी. धाकट्या चुलत्यांनी शेजारी जागा केली. त्यांच्यापुढं पत्रावळ आली, भाकरी आली, द्रोणात रस्सा आला. सगळ्यांनी खायला सुरुवात केली आणि आप्पांनी डाव्या हातानं भाकरी मोडली.

समोरच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यांनी पाहिलं. वाईट मनाचा माणूस नव्हे, पण तोंडाला फाटक नाही. "आप्पा, डाव्या हातानं?"

आप्पांचा हात थांबला. चुलते नळी चोखत होते. ती बाजूला न करता म्हणाले, "आबा, तुम्ही दोन्ही हातानं खाताय, त्ये आम्ही म्हणलं का काय?"

आबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हाड दोन्ही मुठींत धरलेलं होतं. पंगत खदखदली आणि आबाही हसले. आप्पांनी घास तोंडात घातला.

रस्सा वाढायला शेजारचे मामा होते, पिकअपवाले. बादली घेऊन आप्पांसमोर आले, "वाढू का?" आप्पा म्हणाले, "बस." मामा पुढं सरकले. आप्पांनी रिकाम्या द्रोणाकडे पाहिलं, मामांच्या पाठीकडे पाहिलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आयला! त्ये!"

मामा गर्रकन वळले. "आप्पा, शिवी बरोबर येती आन् रस्सा पायजे तवा बस म्हणताय व्हय?" आणि त्यांनी दोन ओगराळी तर्री द्रोणात ओतली. आप्पांनी दीड भाकरी खाल्ली. त्यातला तुकडा न् तुकडा मी मोजत होते असं नाही, आत्या मोजत होती.

मग आमची, बायकांची पंगत बसली. इतक्या लोकांत मी पहिल्यांदाच डावा हात पत्रावळीवर ठेवला. शेजारी आत्या होती. तिनं खालून वरपर्यंत मला न्याहाळलं.

"तुला काय धाड भरलीया? तुझा उजवा चांगला हाय की."

"आप्पांना शब्द दिलाय."

"त्यो जेवला की पोटभर. सुटलीस तू."

"असू दे. मला अजून नीट जमत नाही, सवय करायचीय."

मी घास मोडायला गेले तसं माझं कोपर तिच्या उजव्या हाताला लागलं आणि तिच्या हातातली भाकरी पडली. मला वाटलं, आता उलथन्याचा दांडा येतो. आत्यानं माझी पत्रावळ उचलली, मला हातानं ढकललं आणि ओळीच्या डाव्या टोकाला बसवलं.

"अशी कडंला बस. तिकडं कुणाला लागत न्हाई तुझं कोपर." मग वाढणारीच्या हातातलं ओगराळं घेऊन तिनं स्वतः माझा द्रोण काठोकाठ भरला. "सांडू नगंस."

सांडलंच.